स्टब कुणी सांभाळायचे?

लिनक्स डिस्ट्रोंनी टाइप तपासणीच्या स्टब फायली पॅकेज कराव्यात का? विषय वाचूनच निम्मी मंडळी पळणार, कल्पना आहे. पण शनिवार आहे, चहा संपेपर्यंत तरी थांबा. माझं मत आधीच सांगून टाकतो, म्हणजे कुणाला ताटकळायला नको: कराव्यात, नक्की कराव्यात. फक्त सगळ्या लायब्ऱ्यांचे स्टब एका गाठोड्यात बांधून नव्हे. ज्या लायब्ररीचा स्टब, तो त्या लायब्ररीच्या पॅकेजाबरोबर राहावा, आणि खोटा ठरला की लगेच बाहेर जावा.

ज्यांना हे सगळं नवीन आहे त्यांच्यासाठी थोडं मागे जातो. पायथनमध्ये व्हेरिएबलचा टाइप सांगायची सक्ती नाही, म्हणून तर ती पटकन लिहून होते. प्रोग्राम पाच हजार ओळींचा झाला की हाच मोकळेपणा अंगाशी येतो. सप्टेंबर २०१५ मध्ये पायथन ३.५ आली, तिच्यात पीईपी ४८४ ह्या प्रस्तावानुसार टाइप लिहिण्याची रीतसर सोय झाली. ऐच्छिक, बरं का. प्रोग्राम चालवताना पायथन ह्या टाइपांकडे ढुंकूनही बघत नाही. बघतो तो मायपायसारखा वेगळा तपासनीस, आणि तोही प्रोग्राम चालवण्याच्या आधी. आता ज्या लायब्ररीच्या कर्त्यांनी टाइप लिहिलेच नाहीत तिचं काय? तर तिसऱ्याच कुणीतरी ती माहिती वेगळ्या फायलीत लिहून ठेवायची. फंक्शनचं नाव, काय घेतं, काय देतं, बस्स. आत कोड शून्य. ही झाली स्टब फाइल.

मी राहतो वरसाव्याला, त्यामुळे उदाहरणही इथलंच सुचतं. गुजरातकडून हायवेनं येणारा ट्रेलर खाडीवरच्या पुलाकडे निघालाय. समजा, पुलावर अवजड वाहनांना बंदी आहे. (२०१६ मध्ये जुन्या पुलाच्या दुरुस्तीपायी हे आम्ही भोगलंय.) बंदीची पाटी चिंचोटीला लावली असेल तर ड्रायव्हर तिथूनच कामण, अंजूरफाटा करत भिवंडीकडे वळेल. पाटी पुलाच्या तोंडाशी असेल तर त्याला कळेल तेव्हा मागे दोन किलोमीटर रांग लागलेली असेल. प्रोग्राम चालू असताना येणारी चूक म्हणजे पुलाच्या तोंडाशी लावलेली पाटी. टाइप तपासणी म्हणजे चिंचोटीची. आणि स्टब म्हणजे चिंचोटीच्या पाटीवरचा मजकूर, जो पूल बांधणाऱ्यानं लिहिलेला नसतो.

हे स्टब बहुतांशी टाइपशेड नावाच्या एका सामायिक भांडारात लिहिले जातात. पायथनच्या मूळ लायब्ररीचे आणि शिवाय शंभरावर बाहेरच्या लायब्ऱ्यांचे. आधी मायपायच्या सोबतच सगळं यायचं. जून २०२१ मध्ये मायपाय ०.९०० आली तेव्हा बाहेरच्या लायब्ऱ्यांचे स्टब त्यातून काढून टाकले आणि प्रत्येकाचं वेगळं पुडकं करून पायपीआयवर ठेवलं. रिक्वेस्ट्सचं पुडकं टाइप्स-रिक्वेस्ट्स, पायवायएएमएलचं टाइप्स-पायवायएएमएल, असं. मायपायच्या बाजूनं बघितलं तर निर्णय शहाणपणाचा होता. तपासनिसानं जगाचा पसारा घेऊन का फिरावं? पण ह्यामुळे डिस्ट्रोच्या मेंटेनरपुढे प्रश्न आला की ह्या शंभर पुडक्यांचं आता आपण काय करायचं.

नावांचा गोंधळ तर विचारू नका. इथे राहणाऱ्याला तो नवा नाही म्हणा. कुरिअरवाल्याला 'वरसावे' सांगितलं की पार्सल अंधेरीच्या वर्सोव्याला जाऊन परत येतं. आता ही लायब्ररी बघा: प्रोग्राममध्ये इम्पोर्ट करताना 'यामल', पायपीआयवर 'पायवायएएमएल', डेबियनमध्ये 'पायथन३-यामल', आणि स्टबचं नाव 'टाइप्स-पायवायएएमएल'. एक लायब्ररी, चार पत्ते. डेबियनमध्ये तिचे स्टब मिळतात ते 'पायथन३-टाइपशेड' नावाच्या पॅकेजात, म्हणजे पाचवा पत्ता. हे ज्याला कुणी सांगितलेलं नाही त्यानं शोधायचं कसं?

स्टब यंत्रावर नसला की जी वरात निघते ती सरकारी कचेरीत गेलेल्या माणसाला ओळखीची वाटेल. मायपाय म्हणतो, ह्या लायब्ररीचे स्टब नाहीत, पिपनं घ्या. आज्ञासुद्धा लिहून देतो. ती तशीच्या तशी दिली की डेबियन १२ पासून पिप म्हणते, हे यंत्र बाहेरच्यांच्या ताब्यात आहे, इथे मला हात लावता येत नाही, तुम्ही एपीटीकडे जा. एपीटीच्या खिडकीवर गेलात तर नाव बरोबर सांगावं लागतं, आणि बरोबर नाव काय ते मायपायला ठाऊक नाही. शेवटी पिपच्याच संदेशाच्या तळाशी एक पळवाट असते: ब्रेक-सिस्टम-पॅकेजेस. पर्यायाचं नावच 'मोडा' असं ठेवलंय, तरी लोक बिनदिक्कत वापरतात :-)

व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट वापरा की, असं जाणकार म्हणतील. बरोबर आहे, रोजच्या कामात मीही तेच करतो. पण त्यालाही पायपीआयपर्यंत वाट लागते. ती वाट सगळ्यांना नसते, आणि माझा खरा मुद्दा तिथून सुरू होतो.

ह्या बाजूच्या एका कॉलेजात (नाव नको) मी अधूनमधून शनिवारी पायथन शिकवायला जातो. लॅबमध्ये चाळीसेक यंत्रं, सगळ्यांवर डेबियन १२. परीक्षेत कॉपी होते म्हणून बाहेरचं इंटरनेट बंद, कायमचं. एका सर्व्हरवर डेबियनच्या भांडाराची प्रत ठेवलेली आहे, तेवढंच मुलांचं जग. एपीटीतून आलं तर आहे, नाहीतर नाही. अशी लॅब एकटी नाही. बँकांत, कारखान्यांत, सरकारी खात्यांत असे बंद जाळ्यातले हजारो प्रोग्रामर बसलेत. मोठ्या शहरात वेगवान नेटवर बसून पॅकेजिंगची धोरणं ठरवणाऱ्यांना ते दिसत नाहीत, इतकंच.

तिथला एक मुलगा एका अंतर्गत पानावरून गावांची नावं उतरवून घ्यायचा प्रोग्राम करत होता. रिक्वेस्ट्सच्या उत्तरात मजकूर दोन रूपांत मिळतो: 'टेक्स्ट' म्हणजे अक्षरं, 'कॉन्टेन्ट' म्हणजे कच्चे बाइट. ह्यानं 'वरसावे' हा शब्द 'कॉन्टेन्ट'मध्ये शोधायला सांगितला होता. अक्षरं बाइटांत शोधता येत नाहीत, चालवलं असतं तर कोसळलं असतं. (युनिकोडच्या हिशेबात 'वरसावे' सहा वर्णांचा, पण यूटीएफ-८ मध्ये बाइट अठरा. इंग्रजीत एका अक्षराला एक बाइट पडतो म्हणून फरक ध्यानात येत नाही. आपल्याकडे लगेच येतो.) लॅबच्या यंत्रावर मायपाय होता, टाइपशेड होतं, रिक्वेस्ट्सही एपीटीचीच. मायपायनं ती ओळ चालवण्याआधीच पकडली.

तोच मुलगा घरच्या लॅपटॉपवर तोच प्रोग्राम तपासतो तर मायपाय म्हणतो: यश, एकही दोष नाही. कारण घरी स्टब नव्हते, तक्रार येत होती, म्हणून त्यानं जालावर वाचून इम्पोर्टच्या ओळीपुढे 'टाइप: इग्नोअर' असा शेरा मारला होता. तसं केलं की आख्खी रिक्वेस्ट्स लायब्ररी तपासनिसाच्या लेखी 'काहीही' होते. 'काहीही'मधून 'काहीही' निघतं, 'काहीही'त 'काहीही' शोधता येतं. सगळं हिरवं. मुलाचा ह्यात काही दोष नाही, जगभरचे अनुभवी लोकही हेच करतात. स्टब मिळवणं अवघड केलं की लोक तपासणी सोडत नाहीत, तिचं तोंड बांधतात. मग ती चालू असल्याचा भास तेवढा उरतो. तोंड बांधलेल्या तपासणीपेक्षा तपासणी नसलेली बरी, निदान माणूस सावध राहतो.

म्हणून डिस्ट्रोनं स्टब द्यावेत, ह्याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

आता गाठोड्याकडे. पायथन३-टाइपशेडच्या आवृत्तीचा आकडा बघा: शून्य पॉइंट शून्य, पुढे गिट आणि एक तारीख. म्हणजे अमुक दिवशी टाइपशेडचं भांडार जसं होतं त्याचा फोटो. शंभर लायब्ऱ्यांचा ग्रुप फोटो! त्या दिवशी कुणाचे डोळे मिटलेले, कुणी दुसरीकडे बघतंय. रिक्वेस्ट्सचा स्टब त्या दिवशी कुठल्या आवृत्तीचं वर्णन करत होता, आणि भांडारात ठेवलेली खरी रिक्वेस्ट्स कुठली, ह्याचा आकड्यावरून पत्ता लागत नाही. पायपीआयवरच्या पुडक्यात निदान तेवढं कळतं: टाइप्स-रिक्वेस्ट्स २.३१.०.२०२४०४०६ म्हणजे रिक्वेस्ट्स २.३१ चं वर्णन, ६ एप्रिल २०२४ रोजी काढलेलं. गाठोड्यात ही ओळख पुसली जाते.

आवृत्तीचं मी उगाच ताणतोय असं वाटत असेल तर हे घ्या. डेबियन १२ जून २०२३ मध्ये आली. तिच्यात रिक्वेस्ट्स २.२८.१ आणि तिच्या खालची यूआरएलएलआयबी३ १.२६. त्याच वर्षी यूआरएलएलआयबी३ ची २.० आवृत्ती आली, तिनं स्वतःचे टाइप सोबत आणले. मग तिचे वेगळे स्टब ठेवायचं कारण उरलं नाही, म्हणून टाइप्स-रिक्वेस्ट्सनं २.३१.०.७ पासून सरळ अट घातली की यूआरएलएलआयबी३ दोन किंवा पुढचीच हवी. आता डेबियन १२ वरच्या एखाद्यानं सिस्टमच्या लायब्ऱ्या दिसतील असं एन्व्हायर्नमेंट करून त्यात पिपनं फक्त टाइप्स-रिक्वेस्ट्स मागवलं, तर काय होतं? स्टबच्या मागोमाग यूआरएलएलआयबी३ २ येऊन बसते, आणि रिक्वेस्ट्स २.२८.१ ला १.२७ च्या खालचीच चालते, त्यामुळे ती सुरू होतानाच कुरकुर करायला लागते. पुलाच्या पाटीवर नवा मजकूर लिहिण्यासाठी पूलच बदलायला लावल्यासारखं झालं. चूक कुणाचीच म्हणता येत नाही. टाइपशेडवाले आजच्या जगासाठी लिहितात आणि त्यांनी तसंच लिहावं. पण दोन वर्षं गोठलेल्या डिस्ट्रोला त्या वेळच्या आवृत्तीला जुळणारा स्टब जपून ठेवणारा कुणीतरी हवा. हे काम पायपीआय करू शकत नाही. डिस्ट्रोच करू शकते, कारण कुठली आवृत्ती कुठे गोठली हे तिलाच माहीत.

उलट बाजूचा धोका मला अधिक मोठा वाटतो. पीईपी ५६१ नं स्टब कुठे शोधायचे त्याचा क्रम ठरवून दिलाय. त्यात लायब्ररीच्या स्वतःच्या टाइपांच्या आधी वेगळ्या स्टब पॅकेजचा नंबर लागतो. लायब्ररीनं 'पाय.टाइप्ड' ही खुणेची फाइल ठेवून स्वतःचे चांगले टाइप दिले असले तरी, शेजारी जुना स्टब पडलेला असेल तर तपासनीस जुन्याचंच ऐकतो. नियम अशा हेतूनं केला की लायब्ररीचे टाइप चुकीचे असतील तर बाहेरून दुरुस्त करता यावेत. हेतू चांगला. पण परिणाम असा की शिळा स्टब ताज्या सत्यावर मात करतो. ब्यूटिफुल सूपचंच बघा. जानेवारी २०२५ मधल्या ४.१३ पासून तिचे टाइप तिच्यातच आले, आणि टाइपशेडनं आपला स्टब कालबाह्य ठरवला. टाइपशेडची रीत अशी की कालबाह्य स्टब काही महिने ठेवून मग काढायचा. त्या मधल्या काळात कुणी ग्रुप फोटो काढला आणि डिस्ट्रो गोठली, तर तो स्टब पुढची दोन-तीन वर्षं खोटं सांगत बसू शकतो. पूल केव्हाच खुला झालाय आणि चिंचोटीची पाटी अजून ट्रेलर वळवतेच आहे!

कुणी म्हणेल, डिस्ट्रो अशा आधाराच्या फायली पूर्वीपासून देतातच की. खरंय. डेबियनमध्ये लोहित देवनागरी फाँट आहे, मराठी शुद्धलेखन तपासायला एस्पेलचा मराठी कोश आहे. ह्यांत चालणारा प्रोग्राम नाही, नुसता डेटा. आणि ह्याच पॅकेजांच्या जिवावर आपल्यापैकी कित्येकांनी लिनक्सवर मराठी पहिल्यांदा धड वाचलं. माझ्या मते स्टबचं पॅकेज करायला हाच आधार पुरेसा आहे. 'हा काय प्रोग्राम नाही' हा आक्षेप फाँटांनी केव्हाच निकालात काढला. पण फरक आहे. दहा वर्षं जुना फाँट अक्षर चुकवत नाही. जुन्या कोशात नवा शब्द नसेल तर खाली लाल रेघ येते, आपण दुर्लक्ष करतो. दोन्ही एकटे जगू शकतात. स्टब एकटा जगूच शकत नाही, तो दुसऱ्या कशाचं तरी वर्णन आहे. म्हणून फाँटाला वेगळं पॅकेज शोभतं, स्टबला लायब्ररीच्या घरातली खोली.

हे अशक्य नाही. डेबियनच्या जावास्क्रिप्टवाल्यांनी हाच मार्ग धरलाय. टाइपस्क्रिप्टचं टाइपशेडसारखंच भांडार आहे, डेफिनिटलीटाइप्ड. त्यातल्या फायली ते सुटं पॅकेज करण्याऐवजी बऱ्याचदा त्या-त्या नोड लायब्ररीच्या पॅकेजातच घालतात, आणि शोधणाऱ्याला सापडावं म्हणून टाइपांचं नावही त्या पॅकेजाला जोडून देतात. पत्त्यांचा गोंधळही त्यातच मिटतो.

आता मेंटेनरची बाजू. ती मी हलकी मानत नाही. ही मंडळी बहुतेक बिनपगारी, रात्री जागून कामं करणारी. सप्टेंबर २०२३ मध्ये डेबकॉन्फ पहिल्यांदा भारतात, कोचीला झाली, तेव्हा आपल्याकडे ह्या कामाबद्दल जरा कुतूहल वाढलं, पण हात अजून थोडेच. गाठोडं करण्यात त्यांचा आळस नाही, नाइलाज आहे: एक माणूस एक पॅकेज सांभाळू शकतो, शंभर नाही. माझ्या योजनेत रिक्वेस्ट्सच्या मेंटेनरवर त्यानं न लिहिलेल्या, मूळ कर्त्यांनीही न लिहिलेल्या फायलीची जबाबदारी पडते. तो म्हणणारच, मला काय पडलंय?

त्यावर माझं म्हणणं असं की सगळे शंभर कुणी मागितलेत? ज्या लायब्ऱ्यांचे टाइप त्यांच्यातच आले त्या वगळा. ज्या भांडारातच नाहीत त्यांचे स्टब कशाला हवेत, त्याही वगळा. उरतील त्यांतल्या खरोखर वापरात असलेल्या थोड्याच. आणि स्टब खरा की खोटा हे बघायला माणूस बसवायची गरज नाही. मायपायबरोबर स्टबटेस्ट नावाचं साधन येतं. ते लायब्ररी प्रत्यक्ष इम्पोर्ट करून स्टबशी ताडून बघतं. टाइपशेडवाले ते रोज चालवतात. डेबियनकडे पॅकेज बसवल्यावर चालणाऱ्या आपोआप चाचण्यांची यंत्रणा आहेच. तीत स्टबटेस्ट घाला. लायब्ररीची नवी आवृत्ती आली आणि ताळा जमला नाही, तर स्टब गळतो, लायब्ररी पुढे जाते. लायब्ररीला स्टबसाठी कधीही अडवायचं नाही, ही अट मात्र पक्की हवी.

फेडोराच्या नियमात असं आहे की पॅकेज बांधताना कोडची शिस्त बघणारी साधनं चालवू नयेत, काम करतं की नाही तेवढं तपासावं. मला हा नियम पटतो. मायपायच्या नव्या आवृत्तीला एखादी ओळ खटकली म्हणून चालतं पॅकेज अडणं मूर्खपणाचं आहे. पण स्टबटेस्टला ह्या माळेत ओवू नका. स्टबचं काम एकच, खरं वर्णन करणं. ते वर्णन खरं आहे का हे बघणं म्हणजे तो काम करतो की नाही हेच बघणं झालं.

स्टबकडून अवास्तव अपेक्षाही नकोत. आमच्या सोसायटीच्या टँकरच्या हिशेबाची आज्ञावली यामल फाइल वाचते. त्यात कुणी फ्लॅट नंबर इंग्रजी आकड्यांत ०१०१ असा लिहिला की पायवायएएमएल तो अष्टमान समजून ६५ करते. तोच देवनागरी आकड्यांत लिहिला तर अक्षरं म्हणून जसाच्या तसा राहतो! (आहे की नाही मराठीत लिहिण्याचा फायदा? ह. घ्या.) ह्यात स्टबची काही मदत नाही, कारण यामल वाचून काय हाती येईल ह्याचं प्रामाणिक उत्तर 'काहीही' असंच आहे, आणि स्टबमध्ये तेच लिहिलंय.

तरी सुरुवात मी यामलपासूनच करणार आहे. डेबियन १३ मधली पायवायएएमएल, तिला जुळणारा टाइपशेडमधला स्टब, आणि मध्ये स्टबटेस्ट. लायब्ररी लहान आहे आणि फार बदलत नाही, म्हणजे दोन-तीन शनिवारांत कळेल की एका स्टबला वर्षाकाठी किती तास पडतात. तो आकडा हातात आला की मगच मेंटेनरांकडे जाईन.